थर्कलच्या शेतातली पेनी

३ मार्च
शेजारच्या त्या थर्कलने माझं कुंपण उपटलं! चाळीस वर्षं वाढवलेलं, मुळासकट. शेत घरं बांधणाऱ्यांना विकतोय, त्यांच्या ट्रकना वाट हवी म्हणे. ओरडले, तर म्हणतो, "हेटी, मोजणीत ते माझ्याच हद्दीत आलंय. कागद दाखवू?"
घाल तुझा कागद चुलीत.

५ मार्च
माझ्या परसात वाटाण्याचा वाफा खणताना चांदीचं नाणं निघालं. नखाएवढं, कडा कातरलेल्या. एका बाजूला क्रूस. दुसरीकडे राजा — नाकडोळे झिजून गेलेत, मुकुट तेवढा शाबूत.

६ मार्च
जुनं काही निघालं की बांधकाम अडतं. नुसतं लिहून ठेवते.

१० मार्च
लिंकन शहरातल्या संग्रहालयात गेले. नोंदी करणारी इमोजेन, केसांत पेन्सिल खोचलेली, भिंगातून बघून उडालीच! "पहिल्या एडवर्डची पेनी! सातशे वर्षांची. कुठे सापडली?"
"थर्कलच्या शेतात. पायवाटेवर."
नकाशावर बोट ठेवलं. बेधडक.
तिने वजन केलं, फोटो काढले, सगळं नोंदलं. मग म्हणते, "म्हणजे नाणं त्यांचं. जमीन ज्याची त्याचं."
हे डोक्यातच आलं नव्हतं!

१२ मार्च
नाणं थर्कलच्या दाराच्या फटीतून आत टाकलं. सोबत चिठ्ठी, दोन ओळींची: तुझ्या पायवाटेवर सापडलं, संग्रहालयात नोंदलंय. 'प्रिय'सुद्धा लिहिलं नाही.

१९ मार्च
थर्कल दारात. मी दार अर्धंच उघडलं, भांडायच्या तयारीने. चिखलाचे बूट काढून मोज्यांवर उभा. डोळे लाल.
"बाबा मरेपर्यंत सांगायचे, आपल्या शेताखाली जुनं गाव आहे. सगळे हसायचे. मीच जास्त." मग म्हणाला, "मी नाही विकत आता. दुसऱ्या कुणी ते नाणं खिशात घातलं असतं, हेटी. मी तुझं कुंपण उपटलं, आणि तू..."
मी दार तसंच अर्धं धरून ठेवलं.
जिंकले. मग जेवण का गेलं नाही?

२४ मार्च
इमोजेनचा फोन. परवा संग्रहालयाची माणसं येतायत, जुनं गाव शोधायला शेतात चर खणायला. थर्कल सगळ्यांसाठी केक करणार आहे म्हणे. थर्कल! केक!

२५ मार्च
इमोजेनला खरं सांगितलं: नाणं माझ्याच वाफ्यातलं. तिने पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग, "नोंद मी दुरुस्त करते. थर्कलना तुम्हीच सांगायचं."
गेले. सांगितलं. थर्कलने ऐकून घेतलं, ओव्हन बंद केला.
"म्हणजे बाबा पुन्हा खोटे पडले," एवढंच म्हणाला.