पोवळ्याचा उतारा

पालम,
सोमवार

प्रिय रेणुका,

महादेवाच्या कृपेनं इकडं सगळे खुशाल. आपलं फोनवर बोलणं होतं, पण आमच्या घरात फोन बैठकीत असतो आणि बोलणारीच्या तोंडाकडं चौघं बघत बसतात. म्हणून मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पाठकोरं पान फाडलं. दहावीला एका बाकावर बसलो, पण तुला पत्र हे पहिलंच.

राजनंदिनीचं जमत आलंय. राणीसावरगावचं स्थळ, मुलगा शांत, पोरीच्याही मनात भरलाय. अडलंय ते तिच्या मंगळावर. होणाऱ्या सासूबाई, कस्तुराबाई, म्हणतात, आधी भाऊजींच्या बसनं जाऊन पोवळ्याचा उतारा करा, मग सुपारी फोडू.

तुला आठवत असेल, गेल्या वर्षी धाकट्या दिरांच्या, महारुद्र भाऊजींच्या, यात्रेच्या बसनं आम्ही तुझ्या सासरगावी, मालवणला आलो आणि तू मला ओहोटीच्या खडकापाशी नेलंस. मला वाटायचं पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा. तू वाकून दाखवलंस तर ते तपकिरी, बारीक बारीक तोंडांचं, जिवंत. नखाएवढं वाढायला वर्ष लागतं म्हणालीस. टाचेखाली मोडतं, आणि मोडत नाही त्यावर पायांनी ढवळलेला गाळ बसून ते गुदमरतं. शेजारीच फोटो काढायला चढलेल्यांनी मोडलेला तुकडा वाळक्या हाडासारखा पांढरा पडला होता. देवाच्या पायरीला पाय लागला की आपण हात लावून कपाळाला लावतो. इथं हात लावायचीही सोय नव्हती. मी लांबूनच नमस्कार केला.

भाऊजी मागं उभं राहून ऐकत होते. त्यांनी एवढंच उचललं की पोवळं जिवंत असतं. परतीच्या बसमध्ये माईक घेऊन म्हणाले, पोवळं मंगळाचं रत्न, मग जित्या पोवळ्यावरून अनवाणी चाललं की मंगळ उतरलाच समजा. गमतीत म्हणाले की खरंच, देव जाणे. पण आता वालूरपर्यंतच्या मंगळाच्या पोरी त्यांच्या बसमध्ये बसायल्यात. बसचा जमाखर्च मीच लिहिते. पन्नास नावं लिहिली की माझ्या डोळ्यापुढं त्या खडकावरचे शंभर पाय येतात.

मी ह्यांच्याशी बोलून पाहिलं. हे म्हणाले, "दहावी पास झालीस म्हणून समुद्राची मास्तरीण झालीस का?" भाऊजी लय हसले. कस्तुराबाईंना सांगावं तर त्या म्हणणार, आई पोरीचा दोष झाकायलीय. राजनंदिनीला जवळ घेऊन सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि खाली बघत म्हणाली, "आई, एवढ्या बारीला गप बस." तेव्हापासून गप आहे. देवापुढं बसले तरी काय मागावं कळत नाही. पोरीचं लग्न होऊ दे म्हणू, की बस पंक्चर होऊ दे म्हणू?

येत्या पौर्णिमेला मोठी ओहोटी म्हणून भाऊजींनी तोच दिवस धरलाय. कस्तुराबाई त्यांच्या घरच्यांना घेऊन येणार आहेत. तू आणि तुझ्या गटातल्या बायका तिथं उभ्या राहून लोकांना परत फिरवता ना? पोवळं मोडणं गुन्हा आहे, तर त्या दिवशी वनखात्याचा माणूसही बरोबर घे. सरकारनं अडवलं तर आमची माणसं सरकारला शिव्या देऊन मोकळी होतील, आणि मी गंगाखेडला गोदावरीकाठी मंगळाची शांत करून घेऊ म्हणेन, त्याला कस्तुराबाई नाही म्हणायच्या नाहीत. मी अडवलं तर पोरीचं मोडतं. मला ओळख दाखवू नकोस. सगळ्यांच्या पुढं मीच असेन, राजनंदिनीचा हात धरून, कारण तो मान आईचा. मी तुझ्याशी भांडेन, वाट्टेल ते बोलेन. तू ऐकू नकोस. पहिल्यांदा मलाच अडव.

तुझ्या भरवशावर असलेली,
तुझीच
शिवकन्या