हॉर्नचं बटण

उस्ताद,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. तुम्ही असतानाही लिहायची वेळ आली नव्हती, कारण पेठ रोडवरच्या याच शेडमध्ये रोज सकाळी आपण समोरासमोर असायचो आणि तुम्ही मला तोंडानंच पुरेसं ऐकवायचात. आज रविवार आहे. शटर अर्धं खाली ओढून मी आत बसलोय. चार वाजलेत, बाहेर ऊन आहे, तरी पत्र्याखाली गारठा आहे. यंदा थंडी जरा जास्तच पडलीय. बायको डबा ठेवून गेली, तो तसाच पडलाय. कालची एक गोष्ट सांगायची आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, अरे, एवढ्याशा वायरीचं काय घेऊन बसलास! तुम्ही तसं म्हणणार नाही, हे मला माहीत आहे.

काल दुपारी सुरगाण्याचा एक ड्रायव्हर आला. त्याची पिकअप जुनी, डिझेलची, मागं ताडपत्री बांधलेली. तिकडच्या बाया तो रोज पहाटे दिंडोरीकडं द्राक्षबागेत कामाला नेतो आणि संध्याकाळी परत सोडतो. दहाबारा जणी असतात, कधी एखादीच्या कडेवर लेकरूही असतं. म्हणाला, “मिस्त्री, तीन दिस झालं, पहाटं चालूच नाय होत. बायाच ढकलत्यात. आता त्या म्हणत्यात, तुझ्या गाडीत बसायचंच नाय.” मी बॉनेट उघडायच्या आधीच ओळखलं होतं. थंडीत डिझेल पेटायच्या आधी इंजिनाला ऊब देणारे जे चार हीटर प्लग असतात, ते गेले होते. मग त्यानं आणखी एक वाक्य टाकलं. “लय लोकांनी सांगितलं, तुम्ही जुन्या उस्तादांच्या हाताखालचे. म्हणून हितवर आलो.” खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, पण तुमचं नाव निघालं की अजून फुगते.

प्लग काढताना मी तुम्ही शिकवलं तसंच केलं. इंजिन आधी गरम केलं, आट्यांवर तेल सोडलं, बिडी न ओढणारा मी, तरी बिडीएवढा वेळ थांबलो. तुम्ही म्हणायचात, प्लग म्हणजे जावई, जबरदस्ती केली की रुसतो आणि आतच मोडून बसतो. चारही सरळ निघाले. तुम्ही दिलेला टेस्ट लॅम्प अजून माझ्याकडं आहे, त्याच्यावर लावून पाहिले तर तीन मेलेले. इथवर सगळं ठीक होतं. पण प्लगच्या डोक्यावरचे कनेक्टर हातात घेतले आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे त्यांचे तुकडे पडले. आत तांब्यावर हिरवं चढलेलं. त्यांना करंट पुरवणारा रिलेही जळून काळा झालेला. द्वारका चौकातल्या दुकानातून नवे प्लग मिळाले, कनेक्टर आणि रिले मात्र सोमवारी येतील म्हणाले. ड्रायव्हर माझ्या तोंडाकडं बघत होता. “सोमवारी पहाटंच तर बाया न्यायच्यात. तुम्ही डायरेक्ट करून द्या ना.”

डायरेक्ट. या शेडमध्ये हा शब्द उच्चारायची चोरी होती. मी पहिल्यांदा तो तोंडातून काढला तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकासमोर माझ्या हातातली वायर ओढून घेतलीत आणि पकडीनं तिचे चार तुकडे केलेत. “डायरेक्ट जायचं ते फक्त वर,” एवढंच म्हणालात. गिऱ्हाईक हसलं, मी रागानं दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. काकू चुलीपुढं नागलीच्या भाकरी थापताहेत, तुम्ही भिंतीला पाठ लावून बसलाय, आणि डाव्या हाताची ती आकसलेली कातडी पहिल्यांदा तुम्ही आपण होऊन माझ्यापुढं धरताय. तुम्ही सांगितलंत, कोजागरीच्या पहाटे एक जीप देवीच्या गडावर चालली होती. तिचे हीटर तुम्ही आदल्या दिवशी डायरेक्ट केले होते. बॅटरीपासून प्लगपर्यंत सरळ वायर आणि मध्ये हॉर्नचं बटण, तेव्हा सगळेच करायचे तसं. घाईत होतात म्हणून स्वतःही त्याच जीपमध्ये बसलात. वणीच्या पुढं घाटात जीप बंद पडली आणि पुन्हा चालू करताना बटण आत चिकटून बसलं. ते बाहेर आलंच नाही. वायर तापत गेली, तापत गेली, आणि कुणाला वास यायच्या आत डिझेलच्या नळीनं पेट घेतला. सगळे उतरले. एक म्हातारी मागच्या कोपऱ्यात होती. तुम्ही हात घातलात, पण तिचा हात तुमच्या हातातून सुटला. काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती करपली. त्यानंतर तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. मला फक्त नियम घालून दिलात, नवी वायर जोडली की हीटर चालू ठेवायचा, वायरीवर उपडा हात ठेवायचा आणि वीसपर्यंत मोजायचं. हात टिकला तर गाडी सोडायची, नाहीतर नाही.

उस्ताद, काल मी डायरेक्ट केलं.

जाड वायर संपली होती. होती ती बारीकच वापरली. फ्यूज लावला नाही, कारण हाताशी होता तो एवढा करंट सोसणारा नव्हता, लगेच उडाला असता. ड्रॉवरमध्ये हॉर्नचं एक जुनं बटण पडलेलं होतं, ते त्याच्या स्टिअरिंगखाली बसवलं. वायर डिझेलच्या परतीच्या नळीला लागून गेली आणि ती नळी पाझरते, हे मी बोटानं पुसून पाहिलं होतं. मग मी हीटर चालू करायला सांगून हात ठेवला. सातपर्यंत मोजलं आणि मला हात काढावा लागला. ड्रायव्हर सीटवरून विचारत होता, “झालं का मिस्त्री?” आणि मी हात पँटला पुसून म्हणालो, झालं. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. तो इतका खूश झाला की माझा हात धरून म्हणाला, “उस्तादांचं नाव राखलं बघा तुम्ही.” रात्रभर मला ते वाक्य ऐकू येत होतं. सोमवारी ये, तोवर दुसऱ्याची गाडी बघ, एवढंच सांगायचं होतं. पण तुमच्या हाताखालचा माणूस ‘आज जमत नाही’ म्हणाला असता, ते मला सोसलं नसतं. खोट्या मानासाठी मी दहाबारा बायांना त्या गाडीत बसवलं.

आज रविवार, बागेची कामं बंद, म्हणून गाडी त्याच्या दारात उभी असेल. उद्या पहाटे तो बटण दाबेल. थंडी जास्त म्हणून जरा जास्तच वेळ दाबून धरेल. ताडपत्री मागून घट्ट बांधलेली असते, वारा लागू नये म्हणून. घाट लागतो तिथं रस्ता अरुंद आहे, गाडी बाजूला घ्यायलाही जागा नाही.

त्याचा नंबर माझ्याकडं आहे. बोलायचंय ते फार नाही: बटणाला हात लावू नकोस, बॅटरीची वायर काढून ठेव, मी येतो. सुरगाणा इथून काही परदेशात नाही. आत्ता निघालो तर अंधार पडेपर्यंत पोचेन, आणि उद्या बायांना माझ्या गाडीतून नेता येईल. पण तो विचारेल, “मिस्त्री, कालच का नाय सांगितलं?” आणि त्याला द्यायला माझ्याजवळ एकच उत्तर आहे, की मला ते कालच माहीत होतं.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्न नाही. ते कुणाकडं जाण्यासाठी लिहिलेलंच नाही. तुमची आठवण आली म्हणूनही मी लिहायला बसलो नाही, उस्ताद. जेवढा वेळ लिहीत राहीन तेवढा वेळ तो फोन लावावा लागणार नाही, म्हणून बसलो.