अर्धा फिल्टर

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस, दार वाजवलं तर घरात नसल्याचं सोंग करतेस. मग लिहिण्यावाचून काय उरलं! रागाव हवं तर, पण हे तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

भाऊजी बोटीवरून परत आले नाहीत, त्यांचे फिल्टर मात्र आले. नाण्याएवढ्या पांढऱ्या चकत्या, त्यांनीच फॉइलमध्ये गुंडाळलेल्या. उष्ण समुद्राचं पाणी त्यांतून गाळलं की पाण्यात तरंगणारे बारीक कण वर राहतात. ते आम्ही प्रयोगशाळेत यंत्रात जाळतो आणि त्यांतला नायट्रोजन हलका की जड ते बघतो. तिथले सूक्ष्मजीव हवेतलाच नायट्रोजन घेतात, म्हणून कण हलके. दुसऱ्याला खाऊन जगणारा जड; माणसाचं तर विचारूच नकोस. म्हणूनच फिल्टरला उघडा हात लावायचा नाही, बोटाचा घाम लागला तरी आकडा जड येतो. हातमोजे विसरले की भाऊजी माझ्यावर कसे खेकसायचे! मी घरी त्यांची नक्कल करायचे आणि तू हसून हसून बेजार व्हायचीस.

आता त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मी हातमोजे विसरले की मागे कुणीतरी घसा खाकरतं. वळून बघते. भीती वाटते गं, आणि मागे कुणीच नसतं तेव्हा जास्त वाटते.

सोमवारी त्यांचा शेवटचा फिल्टर यंत्रात घातला. लाटेनं त्यांना डेकवरून ओढून नेलं, त्याच दुपारचा. बाकी सगळे हलके आले, हा एकटाच भलताच जड. साहेब म्हणाले, कुणाचा तरी हात लागलाय, हा आकडा सोडून द्या. पण भाऊजींनी गुंडाळलेली ती पुडी मीच पहिल्यांदा उघडली, तीही चिमट्यानं. हात लागला असेल तर त्यांचाच. ते, आणि हातमोज्यांशिवाय! तेव्हा तिथं काय चाललं असेल, या विचारानं माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

फिल्टर कापून आम्ही अर्धाच जाळतो. उरलेला अर्धा फ्रीजरमध्ये आहे. साहेब म्हणतात, तोही जाळून खात्री करू. त्यावर भाऊजींचा हात आहे की नाही, हे जाळल्याशिवाय कळणार नाही, आणि जाळला की काहीच उरणार नाही. चिमटा उचलते आणि परत खाली ठेवते. ताई, तुला त्यांचा देह मिळाला नाही, साधा निरोपही नाही. म्हणून साहेबांकडून शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतलीय. जाळू, की तुझ्याकडे आणून देऊ? मी नाही ठरवणार. बायको तू आहेस त्यांची.

तुझीच,
धाकटी