सत्तावीस नंबरचा अकॉर्डियन

सोमवार, ६ मे

आलं एकदाचं! पेडलचं खोकं पावाच्या डब्याएवढं. यात म्हणे बासरी आहे, ऑर्गन आहे, तुतारी आहे आणि एक अख्खा अकॉर्डियन आहे! गिटारला जोडायचं, पायाने खटका दाबायचा, की गिटार अकॉर्डियनच्या आवाजात बोलते. म्हणजे ओइवाची गरज संपली.

एकतीस वर्षं त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून वाजवलं. आणि मार्चमध्ये, त्याच्याच गॅरेजात, तालमीत, सगळ्यांदेखत म्हणतो — "तुझी गिटार म्हणजे माझ्या अकॉर्डियनला बांधलेलं बोचकं आहे." मी म्हणालो, मग जा की बोचक्याशिवाय! आणि गेला! स्वतःच्याच गॅरेजातून निघून गेला. आम्ही तिघं अर्धा तास तिथेच बसलो. शेवटी आमच्या गायिकेने, मेर्वीने, दिवा बंद केला आणि आम्ही आपापल्या घरी आलो. दोन महिने झाले. फोन त्याने करायला हवा. मी करणार नाही.

मंगळवार, ७ मे

पुस्तिका आठ भाषांत आहे. जर्मनमध्ये तीस पानं, फ्रेंचमध्ये बत्तीस, फिनिशमध्ये चार. आपल्या लोकांना कमी सांगितलं तरी भागतं असा यांचा समज दिसतो.

इर्या असती तर तिने जर्मन वाचून नवऱ्याला सांगितलं असतं. ऑक्टोबरात ती गेली, तेव्हापासून या घरात कुणाला जर्मन येत नाही.

बुधवार, ८ मे

इल्पोला बोलावलं. ड्रम वाजवणाऱ्या माणसाचा हात स्थिर असतो असं मला वाटत होतं. नसतो.

गिटारवर एक वेगळी पट्टी बसवायची असते — सहा तारांसाठी सहा छोटे कान. तारेखाली बरोब्बर एक मिलिमीटर अंतर ठेवून. इल्पोने ती तीन वेळा चिकटवली, तीन वेळा वाकडी. मग आम्ही कॉफी प्यायलो. मग चौथ्यांदा सरळ बसली. या सगळ्यात तो दोनच वाक्यं बोलला. पहिलं — "चिकटपट्टी दे." दुसरं — "ओइवाला कळवलंस का?"

मी म्हणालो, त्याचा काय संबंध?

इल्पो तिसरं वाक्य बोलला नाही.

शुक्रवार, १० मे

प्रत्येक तार वेगळी जुळवायची. तार जोरात छेडा, मग हळू छेडा, आणि पेडलला सांगा की हा माझा जोर आणि हा माझा हळू. सहा तारा, दोन तास. चाळीस वर्षं टपाल वाटलं, पण एवढ्या पत्त्यांवर एवढं समजावून सांगायची वेळ आली नव्हती.

आवाज नंबरांनी लावलेत. एक व्हायोलिन, चौदा चर्चचा ऑर्गन, सत्तावीस अकॉर्डियन, अठ्ठावीस बायकांचा कोरस.

सत्तावीस लावला. पहिला सूर छेडला. आणि स्वयंपाकघरात ओइवा उभा असल्यासारखं वाटलं. मी चक्क मागे वळून पाहिलं!

शनिवार, ११ मे

सूर लागतात ते मी वाजवले म्हणून लागतात असं नाही. मी शिंकलो — अकॉर्डियन बोलला. टेबलावर कप ठेवला — अकॉर्डियन बोलला. नख तारेला घासलं की आत कुणाची तरी शेपटी सापडल्यासारखं ओरडतो. एवढ्या सगळ्याला उत्तर देणारं या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आलं.

मंगळवार, १४ मे

सिल्वीचा फोन. तळ्याकाठचा नाचमंडप ती चालवते. ती फोनवर आधी नमस्कार-चमत्कार करत नाही.

"तैस्तो, ओइवा गेला म्हणतात ते खरं?"

"तात्पुरता."

"हे बघ, युहान्नुसच्या सणाला, एकवीस जूनला संध्याकाळी, माझ्याकडे सहाशे माणसं येतात. त्यांना अकॉर्डियन ऐकायचाय. नसेल तर आत्ता सांग, मी सेइनायोकी शहरातला बँड बोलावते."

"अकॉर्डियन असेल."

"वाजवणार कोण?"

"मी."

ती म्हणाली, "आठ जूनला छोटा नाच आहे. तिथे ऐकते. मग ठरवू."

एकतीस युहान्नुस आम्ही त्या मंडपात वाजवलेत! सेइनायोकीचा बँड! त्यांचा गायक च्युइंगम खातो.

गुरुवार, १६ मे

दुकानात हेरिंग मासळीच्या कपाटापाशी ओइवा भेटला.

तो म्हणाला, "काय."

मी म्हणालो, "काय."

हेरिंग त्याने मोहरीतली घेतली. कांद्यातली त्याला आवडते हे मला माहीत आहे.

मंगळवार, २१ मे

तालीम, यावेळी माझ्याकडे. मेर्वी गाते आणि बासही वाजवते, त्यामुळे तिला दोन्हीकडून राग येऊ शकतो.

"तुझा अकॉर्डियन माझ्या मागून येतोय, तैस्तो! प्यायलेला माणूस घरी येतो तसा!"

खरं आहे. जाड तार हळू थरथरते, पेडलला तिचा सूर ओळखायला वेळ लागतो. बारीक तारा चटकन बोलतात. मी म्हणालो, मी आधीच वाजवतो. मग मी तिच्या पुढे गेलो. इल्पो आमच्या दोघांच्या मधोमध ठोकत राहिला. टँगो संपला तेव्हा तिघंही वेगवेगळ्या ठिकाणी होतो.

"ओइवाला फोन कर," मेर्वी म्हणाली.

"त्याने करावा."

"दोन गाढवं आहात," म्हणाली, आणि माझा शेवटचा दालचिनीचा गोड पाव खाऊन टाकला.

रविवार, २६ मे

सापडलं! सगळं बारीक तारांवर वाजवायचं आणि पेडलला सांगायचं की एक सप्तक खाली उतरव. सूर वेळेवर येतो, जाडही वाटतो! फिनिश चार पानांत हे कुठेच नव्हतं. माझं मीच शोधलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. गिटारचं कौतुक कळणारा माणूस एकच होता, आणि तोच तिला बोचकं म्हणतो.

बुधवार, ५ जून

आता खरंच छान येतंय. दुसऱ्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायची पट्टी घेतलीये — तिच्याने भात्याचा श्वास येतो. भरला, सोडला. उजव्या पायाने खटके, डाव्याने भाता, हाताने गिटार. एकटा माणूस आणि केवढा कारभार! पेडल आता न बघता सापडतं. डोळे मिटून सत्तावीसवर पाय पडतो.

रविवार, ९ जून

काल.

लिहू का नको, असं सकाळपासून चाललंय.

पहिला टँगो उत्तम झाला. अगदी उत्तम! लोकांनी वर पाहिलंसुद्धा — आपल्याकडे यापेक्षा जास्त कुणी काही करत नाही. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक जोडीला दोन गाणी मिळतात. दुसरं झालं की पुरुष बाईला तिच्या जागेवर नेऊन सोडतो, त्याआधी नाही. एका गाण्यावर सोडलं तर तिचा अपमान. म्हणून पहिलं संपलं की सगळे जागच्या जागी थांबतात आणि दुसऱ्याची वाट बघतात.

मी खटका दाबला. तार छेडली. काही नाही.

पुन्हा छेडली. काही नाही! दिवे लागलेले, केबल जागेवर, आवाज शून्य. इल्पो माझी वाट बघतोय. मेर्वी माझी वाट बघतेय. खाली साठ जोड्या एकमेकांचे हात धरून उभ्या. कुणी हलेना. हलायचं कसं? एकच गाणं झालेलं! चार मिनिटं सगळे एकमेकांच्या खांद्यांवरून पलीकडच्या भिंतीकडे बघत होते. एक म्हातारा पुढे येऊन हळूच म्हणाला, "सावकाश होऊ द्या." मग मी घाबरून सगळीकडे पाय मारला आणि आवाज आला. अठ्ठावीस! बायकांचा कोरस! छतातून चाळीस बायका "आऽऽ" म्हणाल्या. मेर्वीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लिहीत नाही.

नाचले. त्या कोरसवरसुद्धा नाचले बिचारे! दुसरं गाणं म्हणजे दुसरं गाणं.

सिल्वी नंतर मागच्या दारी. "तैस्तो! माणसं चार मिनिटं समोरासमोर उभी होती! काही न करता! इथे कुणी असल्या गोष्टीसाठी येत नाही!"

"युहान्नुसला होणार नाही."

"मंगळवारी सेइनायोकीला हो सांगायचंय मला. तोपर्यंत काय झालं ते शोध."

सोमवार, १० जून

सकाळपासून पेडल बिनचूक चालतंय. शंभर वेळा दाबलं. एकदाही चुकलं नाही. माझं डोकं फिरायची वेळ आली.

इल्पो आला. दारात बूट काढले, आत आला, माझ्या पायांकडे बघत उभा राहिला. बराच वेळ.

"बूट," म्हणाला.

घरात बूट कोण घालतं! महिनाभर मी लोकरी मोजे घालून सराव केला. आणि शनिवारी पॉलिश केलेले रुंद बूट घालून गेलो. बुटाखाली दोन खटके एकदम दबतात. दोन खटके एकदम दाबले की पेडल समजतं, माणसाला तारा जुळवायच्यात, आणि आवाज बंद करून शहाण्यासारखं गप्प बसतं. हे म्हणे चौथ्या पानावर लिहिलंय.

सिल्वीला कळवलं. ती म्हणाली, "म्हणजे तू युहान्नुसला मोजे घालून येणार?"

मी म्हणालो, हो.

"लोक काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत, सिल्वी. तुला माहीत आहे."

तिने विचार केला. सेइनायोकीला नकार कळवला!

गुरुवार, २० जून

उद्या. शर्ट इस्त्री केला. मोजे धुतले.

इल्पो म्हणतो, ओइवा उद्या येणार आहे. खाली, लोकांत! माझी फजिती बघायला, दुसरं काय. येऊ दे. अकॉर्डियन घेऊन येतोय का विचारलं. इल्पो नाही म्हणाला. मला का वाईट वाटलं कुणास ठाऊक. खरं तर माहीत आहे. मला वाटत होतं, पेडल रडलं-ओरडलं की तो चिडून वर चढेल आणि म्हणेल — हट, सरक, मी वाजवतो. त्यासाठीच तर सगळं चाललं होतं. आता लिहूनच टाकलं.

शनिवार, २२ जून

झालं! एकही सूर चुकला नाही — म्हणजे एक चुकला, त्याचं पुढे सांगतो.

मेर्वी मोज्यांकडे बघून म्हणाली, "निदान काळे तरी घालायचेस." बाकी सहाशे माणसांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही.

ओइवा आला होता. पांढरा शर्ट, भांग पाडलेला. बायको शेजारी — लाह्या, निळ्या पोशाखात. पहिला तासभर तो नुसता भिंतीला टेकून माझ्या पायांकडे बघत होता. मला घाम फुटला. मग बायकांनी जोडीदार निवडायची वेळ आली, तशी पाटी उलटली, आणि लाह्या उठली. एकतीस वर्षं या वेळी ती शेजारच्या सुतारापुढे किंवा पाळकापुढे जाऊन उभी राहायची. काल नवऱ्यापुढे उभी राहिली.

ओइवाला नाचता येत नाही! काय सांगू! तिच्या पायांवर दोनदा चढला. तोंडाने आकडे मोजत होता, मला वरून ओठ दिसत होते. पण त्याचा उजवा हात तिच्या पाठीवर होता आणि बोटं चालू होती. बटणं दाबत होता! माझाच टँगो वाजवत होता तिच्या पाठीवर. दुसऱ्या कडव्यात मी चुकीच्या सुराकडे वळलो, तेव्हा मंचाजवळून जाताना त्याची बोटं वेगळ्या, बरोबर जागी गेली. मी बघितलं आणि त्याच्या मागे गेलो. वाचलो.

दोन गाणी झाली. त्याने लाह्याला रीतसर तिच्या जागेवर नेऊन सोडलं, वाकून आभार मानले आणि भिंतीपाशी परत गेला. मग आपण बायकोलाच सोडून आलो हे कळून धावत परत आला. लाह्या इतकी हसत होती की तिला बसावं लागलं.

माझ्याशी तो काही बोलला नाही. तीन महिने झाले. एवढा राग एका बोचक्याचा?

मंगळवार, २५ जून

ओइवाने फोन केला. "सौना तापवलाय," एवढंच.

गेलो. वाफेच्या खोलीत ओइवाने तापल्या दगडांवर दोनदा पाणी ओतलं. मग दगडांकडे बघत म्हणाला, राग नव्हता. भांडण त्याने मुद्दाम काढलं होतं.

इर्याच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला मी म्हणे त्याला म्हणालो होतो — "तिच्याबरोबर मी त्या मंडपात एकदाही नाचलो नाही. मी कायम वर होतो." मला आठवतसुद्धा नाही. तो म्हणाला, "घरी आलो आणि लाह्याकडे बघितलं. हिवाळाभर तेच डोक्यात — हिच्याबरोबर एकदा तरी खाली नाचायचं. पण हे कारण तुझ्या तोंडावर कसं सांगणार होतो मी?"

मी दगडांवर आणखी पाणी ओतलं. डोळ्यांत घाम गेला होता, आणि नुसता घामच नव्हता.

मग म्हणालो, शनिवारी दोघं मंडपात नाचायला या. मी वाजवतो.