काचेपलीकडून

९ मार्च, दुपार

लाडक्या ठकीस,

पोट केवढं झालंय गं? जावईबापू म्हणाले, तुझ्या बुटांच्या नाड्या हल्ली तेच बांधतात. बांधू देत, सवय होईल! फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून त्यांच्याच हाती ही चिठ्ठी देतेय.

बाबांना नागीण झालीय, हे तुला ठाऊक आहेच. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू इतकी वर्षं त्यांच्या मज्जातंतूत दडून होता. "मेला नव्हता होय?" बाबांनी विचारलं. म्हटलं, बाबा, तो धड जिवंत नाही, धड मेलेलाही नाही. खात नाही, श्वास घेत नाही. आत फक्त स्वतःची नक्कल कशी काढायची तेवढा मजकूर, भोवती प्रथिनाचं कवच आणि वर मेदाचं पातळ आवरण. त्या आवरणावरचे काटे पेशीला नेमके बसतात. मग आत शिरून तो पेशीकडूनच आपल्या नकला काढून घेतो.

बाबा जन्मभर कुलपं दुरुस्त करणारे. म्हणाले, "म्हणजे स्वतःचं दुकान नाही, हत्यार नाही, दुसऱ्याच्या दुकानात चावी लावून घुसायचं! महाबिलंदर की!" साध्या साबणाने ते आवरण विरघळतं म्हटल्यावर तर हसता हसता त्यांना खोकला लागला.

मी प्रयोगशाळेत याच मंडळींचे फोटो काढते. दिसायला देखणे असतात मेले. पण या वेळी मला त्यांचा भयंकर राग आलाय.

कारण तू "मी येणारच" म्हणतेस. अगं, मला कांजिण्या झाल्या तेव्हा तुला मावशीकडे ठेवलं होतं, म्हणून तुला त्या कधी झाल्याच नाहीत. रक्ततपासणीतही तेच आलं. बाबांच्या फोडांतून तुला लागण झाली तर बाळालाही धोका, आणि या दिवसांत लस देत नाहीत. म्हणून मी घोकत राहिले, खपल्या धरेपर्यंत थांब.

ते अर्धंच सांगितलं. डॉक्टरांना वाटत नाही की बाबांचं आधीच थकलेलं हृदय तोवर साथ देईल. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती गं. दाराशी पाऊल वाजलं की बाबा विचारतात, "आली का?"

तेव्हा ये. आजच ये, पण आत नाही. बाबांचा पलंग खिडकीशी ओढलाय, काच पुसलीय, बाहेर तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय. माझ्या कांजिण्यांच्या वेळी मावशी तुला याच खिडकीशी आणायची आणि तू मला जीभ दाखवून पळायचीस. आता बाबांना दाखव.

खिडकीची कडी त्यांनी मघाशी स्वतःच्या हाताने घातली. म्हणाले, "मी कितीही हट्ट केला, तरी ही काढायची नाही."

काचेच्या आत, त्यांच्या शेजारी उभी असलेली,
तुझी ताई