साखर एक ग्रॅम

३ जानेवारी
डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलंय. वर डोळे तपासून घ्या म्हणाले. माझे डोळे! आयुष्यभर कोट शिवतोय, सुईत दोरा एका झटक्यात ओवतो. साखर रक्तात आणि तपासायचे डोळे. या लोकांचं काही कळत नाही. गोडाचं मात्र मनावर घेतलं. बिस्किटं, चॉकलेट, केक कायमचे बंद.

५ जानेवारी
कायमचे बंद म्हणजे पर्याय हवाच. दुकानात जाऊन प्रोटीन बार पाहिले. लेक बरोबर येते म्हणत होती. म्हटलं, बापाला लेबल वाचायला शिकवू नकोस. एकेक उलटून वाचला. पाच ग्रॅम, आठ ग्रॅम. मग कोपऱ्यात सापडला: साखर १ ग्रॅम! वर कॅरॅमलचा थर. छपाई जरा डागाळलेली, पण माल चोख. अख्खा खोका उचलला.

१४ जानेवारी
बार झकास. एक ग्रॅम म्हणजे चार खाल्ले तरी चारच. हिला म्हटलं, संयम लागतो.

२ फेब्रुवारी
चष्म्याच्या काचेवर डाग. पुसून पुसून हात दुखला. नवी काच बसवली, तिच्यावरही डाग. हल्ली चांगला माल मिळतो कुठे?

१९ फेब्रुवारी
सुयांची नेढी लहान करून ठेवलीत. हल्ली दोरा हीच ओवून ठेवते. मी सांगितलेलं नाही, तिला हौस.
डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. अंगावर एवढं काम असताना कोण जाणार? पुढच्या महिन्यात बघू.

११ मार्च
वकीलसाहेब काळा कोट परत घेऊन आले. अस्तर तपकिरी दोऱ्याने शिवलंय म्हणे. भर कोर्टात कुणीतरी दाखवलं. काळ्यात आणि तपकिरीत फरक तो केवढा! तरी दुकानातला बल्ब बदलला. बल्ब नवा, उजेड तेवढाच. मन खट्टू झालं, जास्तीचा एक बार खाल्ला.

२ एप्रिल
लेकीने बार उचलून लेबल वाचलं. साखर २१ ग्रॅम. म्हटलं, नीट वाच, एक आहे. ती म्हणाली, बाबा, एकच्या आधी दोन आहे.
हातात घेतला. एकच्या आधी डाग. चष्मा काढला, तरी डाग. भिंतीकडे पाहिलं, भिंतीवरही. छपाईचा दोष आहे असं तिला ठणकावून सांगितलं. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून नुसता उभा राहिलो.

९ एप्रिल
डोळ्यांच्या आत रक्त उतरलंय. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं लेसरने राखता आलं तर बघू, आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, कोट शिवता येतील ना? त्यांनी विचारलं, घरात दुसरं कमावणारं कुणी आहे का.

२३ जून
लेसर झालं, नजर फारशी राहिली नाही. हे लेक लिहून घेतेय. मशीनवर ही बसते. टीप वाकडी जातेय हे आवाजावरून कळतं, पण बोलत नाही.
लेकीला म्हटलं, लिही: डोळ्यांना आराम आहे, दोन महिन्यांत पुन्हा काम सुरू. पेन थांबलं. खोटं लिहिणार नाही म्हणाली. मी चिडलो.
मग म्हटलं, बरं, लिही. मला भीती वाटते.
पेन चाललं. पण तिने काय लिहिलं, ते मला कळायला मार्ग नाही.