वर गेलेला एकच हात

चिरंजीव धाकट्यास,

(आधी 'माननीय अध्यक्षसाहेब' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसत असेल तर दिसू दे.)

धप धप, जरा थांबून धप. आठवतं का मास्तरांचं डस्टर? टेबलावर त्याचा ताल धरून ते कविता म्हणून घ्यायचे, खडूची धूळ उडायची, आणि तू घरी येऊन त्याच तालात न्हाणीघराचं दार बडवायचास. आत मी. कडी निघेपर्यंत तुला धीर नसायचा. असो, अनेक आशीर्वाद. खोकला कसा आहे? परवा भाषणात तुला ढास लागली तेव्हा हॉल हसला, मला मात्र तुझ्या छातीची काळजी लागली. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत, तेवढंच त्यांच्याबद्दल चांगलं सांगता येईल.

आता त्या सभेबद्दल. आमचा नगरसेवक तुझ्याच पक्षाचा. वाचनालय बंद करायच्या तुमच्या ठरावाला तो उघडपणे 'पण' म्हणाला (प्रत्येक वाक्य तो 'पण'नेच सुरू करतो, म्हणून गल्लीत त्याला पणोबा म्हणतात) आणि तुम्ही त्याला पक्षातून काढलंत. इथवर तुमचा घरचा मामला. पुढे मतदारांची समजूत घालायला तू स्वतः आलास, तेही आपल्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये. अरे, समजूत घालायला आलेला माणूस पहिल्याच वाक्यात 'गद्दार' म्हणतो का? शिवणकामवाल्या काकू उठल्याच. "साहेब, नळ कोरडे पडले तेव्हा तो आला होता. तुमचं निशाण नव्हतं आलं!" तू म्हणालास, "मतं पक्षाला पडली होती!" मागून आवाज आला, "पुढच्या खेपेला पडतात का बघा!"

मग तू चिडलास. "पक्षाच्या शिस्तीबरोबर कोण आहे? हात वर करा!" असं म्हणत टेबल बडवलंस. धप धप, थांबून धप. आणि धाकट्या, मी तिथे नव्हतोच. मी चौथीत होतो. बाहेर चिमण्या, आत खडूचा वास, नि मास्तर विचारताहेत, कविता कोण म्हणणार? मी हात वर केला. ताठ, एक बोट वर, शाळेत करायचो तसा. भरलेल्या हॉलमध्ये तेवढा एकच. उभं राहून पहिली ओळही म्हटली असती, पण तेवढ्यात फोटो निघाला. ('वॉर्ड पक्षाच्या पाठीशी' असं पेपरात छापून आलं. वॉर्ड म्हणजे मी.)

तू माझ्याकडे बघून हसलास. किती वर्षांनी! सभा संपल्यावर मी पायऱ्या उतरून पोचेपर्यंत तुझी गाडी निघून गेली होती. दोष गुडघ्यांचा.

तेव्हापासून गल्लीने मला वाळीत टाकलंय. काकू मला बघून खिडकी लावतात. वाचनालयात मी बसलो की बाक रिकामा होतो; पेपर सगळे मलाच मिळतात, पण त्यातलं काही सांगायला शेजारी कोणी नसतं. न्हाव्याला म्हटलं, अरे, मी कवितेसाठी हात वर केला होता. तो म्हणाला, "आजोबा, निदान थाप तरी बरी मारा."

म्हणून मोठा भाऊ या नात्याने सांगतो, पणोबाला सन्मानाने परत घे. लोक शांत होतील, वाचनालय राहील, माझा हातही लोक विसरतील.

तुझा दादा

ता.क. पणोबाशी हल्ली पक्षाचं कोणी बोलत नाही, माझ्याशी गल्लीतलं कोणी बोलत नाही. त्यामुळे तो संध्याकाळी माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला येतो. शह देतानासुद्धा 'पण' म्हणतो. रोज दोन कप विसळावे लागतात. कपाला कप लागून होणारा आवाज मी विसरलोच होतो. तेव्हा त्याला परत घ्यायची तशी घाई नाही. चालू डाव तरी संपू दे. आम्ही फार सावकाश खेळतो.

पुन्हा ता.क. पणोबा घोडा हातात धरून विचार करतोय, तेवढ्यात हे लिहून घेत होतो, आणि दार वाजलं. धप धप, थांबून धप. पणोबा म्हणतो, "पण या वेळी कोण?" हा ताल ठाऊक असलेली दोनच माणसं उरली आहेत आणि त्यातला एक इथे लिहीत बसलाय.

अरे, आलो, आलो. घरात खुर्च्या दोनच आहेत, पणोबा उभ्याने खेळेल. कडी काढेपर्यंत थांब. गुडघ्यांना वेळ लागतो. जाऊ नकोस.